लहान घरातील शिलाई यंत्र : निवडीच्या निकषांचा आढावा

लहान घरातील कुटुंब शिलाई यंत्र घ्यायचे ठरवते तेव्हा किमतीच्या बरोबरीने, आणि कित्येकदा किमतीच्याही आधी, जागेचा प्रश्न पुढे येतो. मुंबईतील बीडीडी चाळींमधील मूळ खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती; झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे चटई क्षेत्र आरंभी २२५ चौरस फूट ठरले, ते पुढे २६९ आणि त्यानंतर ३०० चौरस फुटांपर्यंत वाढले. पुणे, ठाणे, नाशिक येथील एका खोलीच्या भाड्याच्या घरांतही परिस्थिती फारशी वेगळी नाही. अशा घरात स्वयंपाक, झोप, मुलांचा अभ्यास आणि पाहुण्यांची ऊठबस एकाच फरशीवर चालते, त्यामुळे लोखंडी स्टँडवरचे, पायाने चालवायचे यंत्र कायमचे मांडून ठेवणे पुष्कळांना परवडत नाही. मग खरेदीदाराची नजर ‘पोर्टेबल’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या यंत्रांकडे वळते. मात्र या नावांखाली हातात मावणाऱ्या खेळण्यासारख्या साधनापासून सहा किलोच्या पूर्ण क्षमतेच्या यंत्रापर्यंत अत्यंत भिन्न वस्तू एकत्र आलेल्या असल्याने नुसते आकारमान पाहून केलेली निवड अनेकदा फसते.

या लेखात त्या निवडीचा साकल्याने विचार केला आहे. यंत्राची लांबी-रुंदी हे जागेच्या प्रश्नाचे अपुरे माप आहे. शिलाईचे संपूर्ण काम, म्हणजे बेतणे, शिवणे, इस्त्री करणे आणि आवरून ठेवणे, किती जागेत व किती सहजतेने होते हे खरे माप होय. जागा वाचवताना टाक्याच्या गुणवत्तेवर पाणी सोडले तर वाचलेली जागा निरुपयोगी ठरते, असे येथील प्रतिपादन आहे.

सुटसुटीत यंत्राची पूर्वपीठिका

शिलाई यंत्र लहान करण्याचा प्रयत्न यंत्राच्या इतिहासाइतकाच जुना आहे. अमेरिकेत इलियास हाव याने १८४६ मध्ये दुहेरी दोऱ्याच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले आणि आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८५७ मध्ये, जेम्स गिब्ज याने एकाच दोऱ्यावर चालणाऱ्या साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले, आणि त्यातून विलकॉक्स अँड गिब्ज या नावाची हलकी, शांत व टेबलावर सहज मावणारी यंत्रे घरोघरी गेली. सिंगर कंपनीने हप्त्याने विक्री सुरू केल्यामुळे मध्यम उत्पन्नाच्या घरांनाही यंत्र आवाक्यात आले. भारतात या कंपनीच्या व्यवहाराची सूत्रे अनेक दशके मुंबईतील पारशी व्यापारी नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्र भारतीय जीवनात इतके रुजले होते, की यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात सिंगरच्या शिलाई यंत्राला आपल्या आक्षेपांतून आवर्जून वगळले. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ या नावाने भारतीय बनावटीची यंत्रे काढली, आणि पुढे लुधियाना हे शिलाई यंत्रांच्या निर्मितीचे मोठे केंद्र झाले.

या काळात भारतीय घरांतले सुटसुटीत यंत्र म्हणजे लाकडी पेटीत ठेवलेले, उजव्या हाताने दांडा फिरवून चालवायचे हातमशीन होते. ते जमिनीवर बसून वापरता येई, विजेवर अवलंबून नसे आणि काम संपले की कोपऱ्यात सरकवता येई. त्याची उणीव अशी, की उजवा हात दांड्यात गुंतल्याने कापड सावरायला डावा हात तेवढा उरतो आणि वळणदार शिवण नवशिक्याला अवघड जाते. पायमशीनने दोन्ही हात मोकळे केले, पण त्याबदली घराचा एक कोपरा कायमचा व्यापला.

हलकेपणा आणि उत्तम टाका एकत्र नांदू शकतात, हे पाश्चात्त्य देशांत दोन यंत्रांनी सिद्ध केले. सिंगर कंपनीचे ‘फेदरवेट २२१’ हे यंत्र १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास बाजारात आले. बिडाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरल्याने त्याचे वजन सुमारे पाच किलोवर आले होते, त्याच्या तळाची डावी फळी बिजागरीवर वर दुमडत असे, आणि ते केवळ सरळ टीप घालत असले तरी ती टीप मोठ्या यंत्राच्या तोडीची होती. त्याचे उत्पादन १९६०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालले व आजही जुनी फेदरवेट यंत्रे वापरात आहेत. जिनिव्हाच्या टावारो कंपनीने स्पॅनिश अभियंता रामोन कासास याच्या रचनेवरून १९४० मध्ये काढलेले हिरव्या रंगाचे ‘एल्ना’ यंत्र याहून एक पाऊल पुढे गेले. त्याची धातूची पेटी उघडली की तिचाच शिवणकामाचा पाट होत असे, शिवताना बाही ओवता यावी म्हणून तळाचा भाग अरुंद भुजेसारखा ठेवला होता आणि वेग गुडघ्याने नियंत्रित करता येई. या दोन्ही यंत्रांत टाका विणणारी यंत्रणा पूर्ण आकाराची ठेवून भोवतालचा पसारा कमी केला होता. आजच्या निवडीलाही हेच सूत्र उपयोगी पडते.

टाका कसा पडतो आणि आकाराचा त्याच्याशी संबंध

यंत्रांतील फरक समजण्यासाठी टाक्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. घरगुती यंत्रांत सर्वत्र वापरला जाणारा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा दोरा रिळावरून ताणाच्या चकत्यांमधून सुईच्या नेढ्यात येतो आणि खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो. सुई खालच्या टोकाला जाऊन सुमारे दोन मिलिमीटर वर उठली की वरच्या दोऱ्याचा लहान फास तयार होतो, हुक नावाच्या फिरत्या भागाचे टोक त्या फासात शिरते आणि तो फास बॉबिनभोवती ओढून नेते, ज्यामुळे दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ताण योग्य असेल तर ही अडकण कापडाच्या जाडीच्या मधोमध राहते व दोन्ही बाजूंनी शिवण सारखी दिसते. याला कुलूप टाका म्हणता येईल, कारण एक टाका तुटला तरी शेजारचे टाके लगेच उसवत नाहीत. एकाच दोऱ्याच्या साखळी टाक्यात मात्र प्रत्येक फास पुढच्या फासाने अडवलेला असतो, त्यामुळे शेवटचे टोक गाठ मारून बंद केले नाही तर दोरा ओढताच संपूर्ण ओळ सुटते.

या यांत्रिक क्रियेत आकार लहान केल्याने नेमके काय गमावले जाते, हे तीन ठिकाणी दिसते. पहिले ठिकाण हुकाचे आहे. सुई आणि हुक यांच्या वेळेत व अंतरात अत्यल्प फरक पडला तरी टाका चुकतो, आणि पातळ पत्र्याच्या किंवा मऊ प्लॅस्टिकच्या सांगाड्यात हे अंतर स्थिर राहत नाही. दुसरे ठिकाण म्हणजे सुईखालचे दाते, जे वर येणे, पुढे सरकणे, खाली जाणे आणि मागे येणे अशा चार हालचालींनी कापड पुढे नेतात. पूर्ण आकाराच्या यंत्रात दात्यांच्या अनेक रांगा कापडाला सर्व बाजूंनी पकडतात, तर अतिलहान यंत्रात दोन-तीन आखूड रांगा असतात आणि निसरडे अथवा जाड कापड त्यांच्या पकडीतून निसटते. तिसरे ठिकाण वजनाचे. मोटरच्या गतीने निर्माण होणारा हादरा सांगाड्याच्या वजनाने शोषला जातो. वजन फारच कमी असेल तर यंत्र टेबलावर सरकते, सुई थरथरते आणि टीप वाकडी होते. म्हणून एका मर्यादेपर्यंत हलकेपणा हा गुण आहे आणि त्या मर्यादेखाली तो दोष ठरतो. घरगुती वापरासाठी ही मर्यादा साधारण साडेचार-पाच किलोंच्या आसपास मानणे व्यवहार्य आहे.

बाजारातील यंत्रांचे पाच वर्ग

पहिला वर्ग हातात धरून चालवायच्या, स्टेपलरसारख्या दिसणाऱ्या यंत्रांचा. यांपैकी बहुतेक साधने एका दोऱ्याचा साखळी टाका घालतात. पडद्याची उसवलेली किनार जागच्या जागी तात्पुरती धरून ठेवण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही, आणि अंगावर घालायच्या व वारंवार धुवायच्या कपड्यांसाठी ती विचारात घेऊ नयेत.

दुसरा वर्ग ‘मिनी’ यंत्रांचा. ती चार पेन्सिल सेलवर किंवा ६ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, वजनाने एक-दोन किलोंची असतात आणि दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळतात. यांतली अनेक यंत्रे दोन दोऱ्यांचा टाका घालतात व नव्या सुती कापडाच्या दोन पदरांवर ठीक चालतात, पण टाक्याची लांबी बहुधा बदलता येत नाही, बॉबिन कित्येकदा त्या यंत्रापुरतीच असते आणि जीन्सच्या दुमडलेल्या किनारीशी किंवा ब्लाउजच्या अस्तरासहित जाड जोडाशी मोटर अडते. या वर्गाचा सर्वांत मोठा तोटा शिकणाऱ्यांच्या वाट्याला येतो. दोरा पुनःपुन्हा तुटतो, खालच्या बाजूला गुंता होतो, आणि दोष यंत्रात असताना शिकणारी व्यक्ती आपल्याच हाताला वळण नाही असे समजून शिवणे सोडून देते. स्वस्त खरेदीची ही किंमत कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणूनच ती गांभीर्याने लक्षात घ्यावी लागते.

तिसरा वर्ग कॉम्पॅक्ट यांत्रिक झिगझॅग यंत्रांचा असून लहान घरांच्या दृष्टीने हाच सर्वाधिक महत्त्वाचा आहे. उषा जनोम, सिंगर, ब्रदर यांसारख्या कंपन्यांची या वर्गातील यंत्रे साधारण पाच ते साडेसहा किलो वजनाची आणि सुमारे ३८ ते ४० सेंटिमीटर लांबीची असतात. त्यांची मोटर थेट घरच्या २३० व्होल्ट विजेवर चालते, वेग पायडलने कमी-जास्त करता येतो, टाक्याची लांबी व बहुतेकांत झिगझॅगची रुंदीही बदलता येते, आणि काज, म्हणजे बटणाचे भोक विणण्याची सोय असते. यांची सुई, बॉबिन आणि प्रेशर फूट प्रमाणित मापाचे असल्याने सुटे भाग दुकानात सहज मिळतात.

चौथा वर्ग संगणकीकृत कॉम्पॅक्ट यंत्रांचा. यांत टाक्यांचे आकार धातूच्या अथवा प्लॅस्टिकच्या चकत्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडलात साठवलेले असतात, त्यामुळे टाक्यांची विविधता पुष्कळ वाढते. लहान घराच्या संदर्भात त्यांचे दोन गुण उल्लेखनीय आहेत. काही यंत्रांत पायडलशिवाय केवळ बटण दाबून शिवता येते व वेग पट्टीने ठरवता येतो, त्यामुळे जमिनीवर मांडी घालून शिवणाऱ्याची मोठी सोय होते. आणि सुई थांबताना वर राहावी की कापडात रुतलेली राहावी हे आधी ठरवता येत असल्याने अपुऱ्या जागेत कापड फिरवणे सोपे होते. मात्र किंमत जास्त असते, आणि मंडलात बिघाड झाला तर गल्लीतल्या कारागिराला तो दुरुस्त करता येईलच असे नाही.

पाचवा वर्ग परंपरागत काळ्या यंत्राचा, म्हणजे बिडाच्या सांगाड्याच्या सरळ टीपेच्या यंत्राचा. केवळ वरचा भाग, ज्याला दुकानदार ‘हेड’ म्हणतात, दहा-बारा किलोंचा असतो. लाकडी पाटावर बसवून दांडा लावला तर ते हातमशीन होते, मागे लहान मोटर बसवली तर विजेवर चालते. जाड कापडावर त्याची ताकद उत्तम, दुरुस्ती सर्वत्र उपलब्ध आणि आयुष्य पिढ्यांचे असते. ते झिगझॅग घालत नाही आणि वारंवार उचलण्याजोगे नसते, या त्याच्या मर्यादा होत. ज्या घरात खिडकीखालचा दोन फुटांचा पट्टा कायमचा राखता येतो आणि काम मुख्यतः सरळ शिवणीचे आहे, तेथे हे यंत्र आजही समर्थ पर्याय आहे.

कोणते कापड, कोणते काम

यंत्राचा वर्ग ठरवण्यासाठी घरात प्रत्यक्ष काय शिवले जाणार याची प्रामाणिक यादी करणे उपयुक्त ठरते. मराठी घरातील नेहमीचे शिवणकाम पाहिले तर त्यात परस्परविरोधी मागण्या दिसतात. परकरासाठी लांब सरळ टीप आणि घेराला चुण्या लागतात. ब्लाउजला अस्तर, पाइपिंग, अरुंद बाह्या आणि एकावर एक आलेले जोड असतात. बाळाच्या झबल्या-टोपड्याला मऊ, न टोचणारी शिवण हवी असते. खणाचे कापड काठाकडून झपाट्याने सुटते, त्यामुळे त्याची कड बांधून घ्यावी लागते. आणि जीन्स आखूड करताना कापडाचे सहा-आठ पदर सुईखाली येतात. साडीचा फॉल पुष्कळ जणी हाताने लावतात, पण पदराच्या कडेचा पिको दाट झिगझॅगनेच होतो.

याच कारणासाठी झिगझॅगची सोय लहान घरात अधिक मोलाची आहे. मोठ्या जागेत सरळ टीपेचे एक, कड बांधणारे ओव्हरलॉकचे दुसरे आणि पिकोचे तिसरे अशी स्वतंत्र यंत्रे ठेवता येतात, तर एका खोलीत एकाच यंत्राने हे सर्व निभावावे लागते. झिगझॅगने बांधलेली कड ओव्हरलॉकइतकी सफाईदार नसली तरी धुण्यात सुटत नाही, आणि किनार दुमडणारे विशेष फूट लावून घरगुती प्रतीचा पिकोही करता येतो. याउलट जाहिरातींत ठळक दाखवलेल्या नक्षीदार टाक्यांच्या संख्येला फारसे महत्त्व देऊ नये. सरळ टीप, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग, ताणता येणारा टाका, न दिसणारी तुरपाई आणि काज एवढ्यांवर घरातील बहुतेक सारे काम भागते.

बाही ओवता येण्यासाठी तळाचा पुढचा भाग काढता येणारी अरुंद भुजा असणे ब्लाउज, झबली आणि विजारी यांच्यासाठी आवश्यक आहे. सुई आणि यंत्राच्या उजव्या खांबातील अंतरही पाहिले पाहिजे. कॉम्पॅक्ट यंत्रांत ते साधारण १५-१६ सेंटिमीटर असते. कपडे शिवायला ते पुरते, पण गोधडीसारखे जाड व रुंद काम या मोकळ्या जागेतून गुंडाळी करून सरकवावे लागते आणि मध्यभागाकडे जाताना अडचण वाढत जाते. ज्यांचे मुख्य काम गोधड्यांचे आहे त्यांनी लहान लहान तुकडे शिवून नंतर जोडण्याची पद्धत स्वीकारावी किंवा मधले टाके परंपरेप्रमाणे हाताने घालावेत, असे सुचवता येईल.

सुईचा विचार यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे. आधुनिक घरगुती यंत्रांत १३०/७०५ एच या प्रमाणाची, मागून चपट्या दांड्याची सुई बसते, आणि तिच्यावरील ९०, १०० असे आकडे जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतात. तलम कापडाला ६५ किंवा ७५, नेहमीच्या सुती कापडाला ९०, आणि जीन्सला १०० अथवा ११० क्रमांकाची सुई योग्य ठरते. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडासाठी गोल टोकाची सुई वापरली नाही तर टाके चुकतात. यंत्र बिघडल्याची शंका घेण्याआधी सुई बदलून पाहणे हा अनुभवी शिंप्यांचा नियम घरातही तितकाच लागू पडतो.

जागेचे गणित

चाळीस सेंटिमीटर लांबीचे यंत्र चाळीस सेंटिमीटर जागेत ठेवता येते, पण शिवता येत नाही. शिवताना कापडाचा भार सुईच्या डाव्या बाजूला आणि मागे जातो. त्याला आधार मिळाला नाही तर लोंबणारे कापड शिवण ओढते आणि टाके लांब-आखूड पडतात. म्हणून यंत्राच्या डावीकडे निदान आणखी तेवढीच जागा गृहीत धरून सुमारे एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा स्थिर पृष्ठभाग मिळेल का, हे आधी पाहावे. शिवलेल्या नऊवारीसारखे आठ-साडेआठ मीटर कापडाचे काम असेल तर डावीकडे खुर्ची किंवा स्टूल ठेवून त्यावर कापडाची घडी विसावू द्यावी लागते. भिंतीला कंसावर बसवलेली, काम झाल्यावर खाली पडणारी फळी हा यावरचा स्वस्त उपाय आहे, मात्र ती हलत नाही याची खात्री असावी.

उंचीचा मुद्दा सहसा दुर्लक्षित राहतो. नेहमीचे जेवणाचे टेबल सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असते आणि भुजेच्या यंत्राचा शिवण्याचा पृष्ठभाग त्याहून सहा-सात सेंटिमीटर वर येतो, त्यामुळे खांदे उचलून शिवावे लागते आणि तासाभरात मान व पाठ दुखू लागते. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून बैठक वर घेणे, किंवा यंत्रासाठी कमी उंचीचे घडीचे टेबल निवडणे, हे दोन्ही मार्ग योग्य आहेत. जमिनीवर बसून शिवणाऱ्यांसाठी चौरंगावर यंत्र ठेवता येते, पण पायडल कोठे दाबायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि बटणावर चालणाऱ्या यंत्राचा विचार तेथे अधिक सयुक्तिक ठरतो. बॉबिन वरून बसवायची की पुढून, हेही जागेशी निगडित आहे. वरून बसणारी बॉबिन पारदर्शक झाकणाखाली दिसते आणि दोरा संपत आल्याचे कळते, तर पुढून बसणाऱ्या बॉबिनसाठी यंत्राचा पुढचा भाग काढून, मान वाकवून बॉबिन केस बाहेर काढावी लागते, जे भिंतीला टेकलेल्या अरुंद फळीवर गैरसोयीचे होते. पुढून बसणाऱ्या केसचा फायदा असा, की तिच्यावरील लहान स्क्रूने खालच्या दोऱ्याचा ताण सहज जुळवता येतो.

बेतणे आणि कापणे यांसाठी वेगळ्या टेबलाची अपेक्षा लहान घरात अवास्तव आहे, आणि जमिनीवर सतरंजी पसरून कापड बेतण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहेच. फक्त दिवसातला असा वेळ निवडावा लागतो, की फरशी तासभर मोकळी राहील. आठवड्याला एक वेळ बेतण्या-कापण्याला आणि उरलेल्या फुटकळ वेळा शिवण्याला, अशी कामाची विभागणी केली तर तीच खोली पुरेशी होते.

साठवणीच्या जागेवर यंत्राचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. सहा किलोचे यंत्र डोक्याच्या वर उचलून माळ्यावर ठेवले, की प्रत्येक वेळी ते काढायला दुसऱ्या माणसाची मदत लागते, आणि हळूहळू ते वापरातून जाते. दिवाणाखाली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात किंवा टेबलाच्या कडेला झाकणासह राहील आणि एका व्यक्तीला दोन-तीन मिनिटांत मांडता येईल, अशीच जागा आधी निश्चित करावी व मग तिच्या मापाचे यंत्र घ्यावे. हा क्रम उलटा केल्यामुळे अनेक घरांत चांगली यंत्रे नुसती पडून राहतात.

वीज, आवाज आणि निगा

घरगुती यंत्राची मोटर बहुधा ७० ते १०० वॉटची असते, म्हणजे तासभर शिवले तरी एका युनिटच्या दहाव्या भागाहून जास्त वीज लागत नाही. विजेच्या बिलाची चिंता निवडीत आणण्याचे कारण नाही. जेथे वीज वारंवार जाते तेथे मात्र दांडा बसवता येणारे काळे यंत्र उपयोगी पडते. परदेशातून यंत्र आणणाऱ्या कुटुंबांनी विद्युत दाब तपासलाच पाहिजे. अमेरिकेतील यंत्रे १२० व्होल्टवर चालणारी असल्याने येथे थेट जोडल्यास मोटर जळते, आणि योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेतला तर सुटसुटीतपणाचा हेतू बाजूला पडतो. अमेरिकेत एका खोलीच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतातून यंत्र न नेता तेथील विजेचेच घ्यावे, हे त्याच कारणाने इष्ट.

चाळीत आणि पातळ भिंतींच्या इमारतीत आवाज हा शेजारधर्माचा विषय असतो. आवाजाचा मोठा भाग मोटरपेक्षा टेबलाच्या कंपनातून येतो, म्हणून यंत्राखाली जाड रबराची किंवा नमद्याची चटई ठेवली तर तो बराच कमी होतो व यंत्र सरकतही नाही. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत सुया, बॉबिन केस व हुक यांवर गंज चढतो, त्यामुळे पावसाळ्यात यंत्र झाकून, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे आणि आठवड्यातून एकदा तरी चालवावे. दात्यांखाली साचलेला कापसाचा भुगा ब्रशने काढणे ही सर्वांत महत्त्वाची निगा होय. तेल केवळ माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी आणि केवळ शिलाई यंत्राचेच घालावे, खोबरेल घालू नये, कारण ते घट्ट होऊन यंत्र जाम करते.

घरातून उत्पन्नासाठी शिवणाऱ्यांचा विचार

लहान घरातील यंत्र पुष्कळदा संसाराला हातभार लावण्यासाठी घेतले जाते. तेव्हा निकष थोडे बदलतात. कारखान्यातील यंत्रे मिनिटाला पाच हजारांच्या आसपास टाके घालू शकतात, तर घरगुती यंत्र सहाशे ते साडेआठशेच्या आसपास थांबते. हा फरक दिवसाला चार ब्लाउज शिवताना फारसा जाणवत नाही, पण ठोक पिशव्या किंवा गणवेश शिवताना निर्णायक ठरतो. घरगुती यंत्राच्या हमीपत्रात व्यावसायिक वापर बहुधा वगळलेला असतो आणि लहान मोटर तासन्‌तास चालवली तर तापते, याची जाणीव ठेवून मधे विश्रांती द्यावी लागते. रोज पाच-सहा तास सरळ शिवणीचे काम असेल तर काळे यंत्र मोटरसह घेणे आणि फुटकळ झिगझॅगचे काम बाहेरून करून घेणे अधिक शहाणपणाचे असते.

केंद्र शासनाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम हा १८ पारंपरिक व्यवसायांपैकी एक असून पात्र लाभार्थ्यांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. या रकमेत कॉम्पॅक्ट यांत्रिक झिगझॅग यंत्र किंवा मोटरसह काळे यंत्र, यांपैकी एक चांगल्या प्रतीचे येऊ शकते. ही रक्कम खर्च करण्यापूर्वी घरातील जागा, कामाचे स्वरूप आणि जवळचा दुरुस्ती कारागीर या तिन्हींचा विचार व्हावा, हे वेगळे सांगायला नको.

खरेदीपूर्वीची परीक्षा

दुकानातील प्रात्यक्षिक बहुधा कडक, नव्या कापडाच्या पट्टीवर होते आणि तशा कापडावर जवळजवळ प्रत्येक यंत्र नीट चालते. म्हणून खरेदीदाराने घरचे तुकडे सोबत न्यावेत. धुतलेले मऊ सुती कापड, निसरडे क्रेप किंवा जॉर्जेट, ताणणारी होजिअरी आणि चार पदरी जीन्स एवढे पुरेसे आहे. प्रत्येकावर एक वीत टीप घालून दोन्ही बाजू पाहाव्यात. खालच्या बाजूस दोऱ्याचे फास दिसले तर ताण जुळवायला सांगावे आणि तरीही फरक पडला नाही तर ते यंत्र नाकारावे. पायडल अगदी हलके दाबून यंत्र टाका टाका शिवते का, की एकदम धाव घेते, हे नवशिक्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. काज एकदा प्रत्यक्ष विणून घ्यावे. शेवटी ते यंत्र स्वतः मुठीने उचलून काही पावले चालून पाहावे, कारण घरी ते रोज उचलायचे आहे. जुने यंत्र घेताना हाताचे चाक सावकाश फिरवून ते कोठे अडखळते का, आणि सुईदांडा बाजूला हलतो का, हे तपासले की बहुतेक झीज लक्षात येते.

निष्कर्ष

एकूण आढावा घेता लहान घरासाठीची निवड चार पायऱ्यांनी करणे श्रेयस्कर दिसते. पहिल्या पायरीवर यंत्र मांडण्याची आणि ठेवण्याची जागा ठरवावी. दुसऱ्या पायरीवर शिवायच्या कामाची यादी करावी. तिसऱ्या पायरीवर त्या कामाला लागणारा टाका निर्दोष घालणारा वर्ग निश्चित करावा. आणि किंमत व वजन यांची तुलना त्या वर्गाच्या आतच करावी. या क्रमाने पाहिल्यास बहुतेक घरांसाठी पाच ते साडेसहा किलोंचे, भुजेचे, झिगझॅग घालणारे यांत्रिक यंत्र योग्य ठरते. जमिनीवर बसून शिवणाऱ्यांना, परवडत असल्यास, बटणावर चालणारे संगणकीकृत यंत्र सोयीचे पडते. सरळ शिवणीचे भरपूर काम असेल आणि एक कोपरा राखता येत असेल तर काळे यंत्र सरस असते. आणि मिनी यंत्राची शिफारस, विशेषतः शिकणाऱ्यांसाठी, करता येत नाही. पैसे कमी असतील तर नवे मिनी यंत्र घेण्यापेक्षा तपासून घेतलेले जुने काळे यंत्र कितीतरी चांगले.

शिवणकला ही अल्प भांडवलावर आत्मसात होणारी, घरखर्च वाचवणारी आणि प्रसंगी घर चालवणारी विद्या आहे. ती शिकण्याची इच्छा असलेल्या व्यक्तीला केवळ घर लहान आहे म्हणून कमअस्सल साधनावर समाधान मानावे लागू नये. उपलब्ध यंत्रांचा हा आढावा सांगतो, की विचारपूर्वक निवड केली तर तसे समाधान मानण्याची आज गरजही नाही.